दोन काठांचा पाणवठा

त्या मुलखात पाणवठा एकच होता आणि त्याला काठ दोन होते.

पाण्यात पाणघोडा राही. संध्याकाळी गेंडा पाणी प्यायला येई. तो आला की पाणघोडा जरासा सरके आणि त्याचं पिऊन होईपर्यंत डोळे मिटून पडे. दोघांत कधी बोलणं झालं नाही. तशी गरजही पडली नाही.

एका रिकामटेकड्या वानराने हे पाहिलं आणि उचलली जीभ लावली टाळ्याला. "या दोघांची जुंपली, तर जिंकेल कोण?"

कुणी म्हणालं गेंडा, त्याचं शिंग पाहिलंत का? कुणी म्हणालं पाणघोडा, त्याचा जबडा पाहिलात का? पाऊस लांबला होता, चारा संपला होता, निदान तोंडाला तरी काम मिळालं. होता होता एक काठ गेंडेवाल्यांचा झाला, दुसरा पाणघोडेवाल्यांचा. मग रीत पडली. पाण्याला तोंड लावण्याआधी आपल्या धन्याच्या नावाने ओरडायचं. जो ओरडणार नाही, त्याला पाणी नाही.

गेंड्याच्या काठावर एक हरिणी होती. तिच्या पाडसाला अजून कंठ फुटला नव्हता, त्यामुळे त्याला पाणी मिळेना. ती स्वतः ओरडे, पिई आणि ओले ओठ त्याला चाटायला देई. तिचं दूध आटत चाललं होतं.

"पण ते दोघं भांडतच नाहीत हो," ती एकदा वानराला म्हणाली.

"म्हणूनच तर आपण ठरवायचं, बाई. भांडले असते तर कळलंच असतं."

गेंड्याला आता काठावर उभं राहवेना. मागून "मार! मार!" अशा आरोळ्या येत. तो आत, चिखलात खोल, पाणघोड्याजवळ जाऊन पिऊ लागला. पाणघोडा पूर्वीसारखाच सरके. पण सरकायला आता पाणी उरलं नव्हतं.

मग एका संध्याकाळी दोघंही दिसले नाहीत. ते कुणाच्या ध्यानातही आलं नाही. मधल्या चिखलातून काही दिवस जड श्वासासारखा आवाज येत राहिला. तो ऐकून दोन्ही काठ समाधानाने म्हणत, "आमचाच तो." पुढे आवाज थांबला. आरोळ्या थांबल्या नाहीत.

काठ कोरडे पडले, चिखलाला भेगा गेल्या. पाडस आईच्या पोटाखालून निघालं आणि वास घेत घेत मधोमध गेलं. हरिणी जिवाच्या आकांताने त्याच्यामागे धावली.

तिथे दोन मोठ्या कवट्या एकमेकींना टेकून पडल्या होत्या. शिंग शाबूत होतं. सुळेही शाबूत होते. दोन्हींच्या मधल्या खळग्यात झिरपून थोडं पाणी साचलं होतं, आणि पाडस त्यात तोंड घालून, न ओरडता, पीत होतं.

हरिणीला रडू आलं. इतक्या दिवसांत तिने त्याला पोटभर पिताना पाहिलं नव्हतं.

दोन्ही काठ गप्प झाले. क्षणभर हरिणीला वाटलं, संपलं.

तेवढ्यात वानराचा आवाज आला, "ते कुणाच्या बाजूने पितंय?"

दोन्ही काठांवरून खुरं खाली उतरू लागली. हरिणी पाडसाच्या या अंगाला उभी राहिली, मग त्या अंगाला, मग पुन्हा या अंगाला. पाडस पीतच होतं.