पालखीतला गूळ

वजनाइतका गूळ देवीला वाहायचा, पण पारड्यात मात्र बसायचं नाही, असा हट्ट धरून वाघदऱ्याचे राजे रणधवलराव सकाळी देवळातून आल्यापासून फुगून बसले होते. नवस त्यांचाच. पोटदुखी थांबावी म्हणून बोललेला. पोटदुखी थांबली आणि जेवण दुप्पट झालं! मागल्या तुलेच्या वेळी तराजूचा दोर तुटून महाराज असे काही आपटले की चौघांनी धरून उठवावं लागलं. गाव आठवडाभर हसत होतं. तेव्हाच महाराजांनी शपथ घेतली, पुन्हा पारड्याला पाय लावणार नाही.

पुजारी म्हणे, गूळ शेरभर कमी पडला तर नवस फिटायचा नाही. महाराज म्हणे, शेरभर जास्त झाला तर आम्ही लठ्ठ ठरू. शेवटी कारभाऱ्यांना भिवरा आठवली. ती बाजारात गूळ विकायची. ढेप फोडून खडा उचलला की तो नेमका पावशेर भरायचा, तराजू नुसता शोभेला. तिला वाड्यावर बोलावून आणलं.

"आम्हाला हात न लावता आमचं वजन सांग," महाराज म्हणाले. "चुकलीस तर बाजारातली जागा सोडायची."

वडाखालची ती जागा भिवराच्या सासूच्या वेळेपासूनची. घरातली चूल तिच्यावरच पेटायची. खडा हाताला कळतो, पण राजा कसा कळावा? तिनं महाराजांना डोक्यापासून पोटापर्यंत न्याहाळलं. पोटाशी नजर बराच वेळ थांबली, कारण ते लवकर संपेना.

तेवढ्यात तिला दाराबाहेर पालखी दिसली. रोज सकाळी न्याहारी उरकून महाराज तिच्यातून देवळात जायचे, आजही जाऊन आले होते. शेजारी चार भोई एकमेकांच्या खांद्यांना तेल चोळत बसले होते. भिवराचा जीव भांड्यात पडला. तिनं गाडीभर गूळ मागवला आणि ढेपा पालखीत रचायला सुरुवात केली.

"मुकिंदादादा," ती भोयांच्या म्होरक्याला म्हणाली, "सकाळी नेलेत तेवढे महाराज झाले की सांगा."

भोई आधी कचरले. मग चौघांनी डोळे मिटून पालखी उचलली. मुकिंदानं मान हलवली. "हे एकादशीचे महाराज."

सदरेवर कुणीतरी फिसकन हसलं. भिवरानं आणखी ढेपा ठेवल्या. पालखी पुन्हा उचलली. मुकिंदाचे गुडघे वाकले. "हे पुरणपोळीचे. थोडे काढा, ताई."

दोन ढेपा काढल्या, एक खडा घातला. आता चौघेही एकदमच कण्हले आणि सवयीनं देवळाच्या वाटेला लागले. त्यांना हाका मारून परत आणावं लागलं. गूळ तराजूवर चढवला, तीन मण अकरा शेर भरला.

महाराज लालबुंद झाले. "खोटं आहे! आम्ही इतके नाही. हिची जागा काढून घ्या!"

भिवरा पदर खोचून म्हणाली, "चूक झाली असेल तर जागा आत्ता सोडते, महाराज. पण चूक दाखवायची तर तराजू इथंच टांगलाय. एका पारड्यात हा गूळ आहे. दुसऱ्यात आपण बसावं. दोर या खेपेला नवा आहे."

महाराजांनी तराजूकडे पाहिलं, दोराकडे पाहिलं. मग त्यांचं पोट हलू लागलं, आणि ते असे खदखदून हसले की आसन कुरकुरलं.

"जागा तुझीच," डोळे पुसत ते म्हणाले. "गूळ देवीला पाठवा. आणि बाई, बक्षीस माग."

भिवरानं मागं वळून मुकिंदाच्या खांद्यांकडे पाहिलं.

"पालखीला आणखी चार भोई द्यावेत, महाराज."