टुवीचा कापूस आणि अण्णांचं दुकान

एक होती टुवी. अंगठ्याएवढं पाखरू.
टुवी चोचीनं पानं शिवायची. टुच्च टाका, टुच्च टाका!
पान शिवलं. घरटं झालं. पण आतून टोचरं, टोचरं.
आणि टुवीला तर आज अंडी घालायची होती!

टुवी गेली गादीवाल्याच्या दारी. कापसाचा एक पुंजका आणला. मऊ मऊ. पांढरा पांढरा.
वाटेत रंगूअण्णांचं शिवणाचं दुकान. टुवी खिडकीत टेकली. आत धूळच धूळ.
आऽऽक्छी!
चोचीतला कापूस पडला. वर चिंध्यांचा ढीग घसरला. सर्रर्र... धप्प!
कापूस गेला ढिगाखाली. टुवी रडवेली झाली.

टुण टुण टुण, टुवी गेली ढिगाकडे.
"ढिगोबा, ढिगोबा, हल ना!
माझा कापूस मिळेना!"
ढीग म्हणाला, "हलू कुठे? मला पोत्यात जायचंय. पोतं मोकळं झालं, की मी हलेन."

टुण टुण टुण, टुवी गेली पोत्याकडे.
"पोतोबा, पोतोबा, मोकळं हो ना!
ढीग हलेना,
माझा कापूस मिळेना!"
पोतं म्हणालं, "माझ्या पोटात दोऱ्याची रिळं. त्यांना डब्यात जायचंय. डबा रिता झाला, की मी मोकळं होईन."

टुण टुण टुण, टुवी गेली डब्याकडे.
"डबोबा, डबोबा, रिता हो ना!
पोतं मोकळं होईना,
ढीग हलेना,
माझा कापूस मिळेना!"
डबा म्हणाला, खुळुक खुळुक, "माझ्या पोटात गुंड्यांच्या पुड्या. त्यांना फळीवर जायचंय. फळीनं जागा दिली, की मी रिता होईन."

भुर्रर्र! टुवी उडाली उंच फळीवर.
"फळीबाई, फळीबाई, जागा दे ना!
डबा रिता होईना,
पोतं मोकळं होईना,
ढीग हलेना,
माझा कापूस मिळेना!"
फळी कुरकुरली. कर्र कर्र! "माझ्या डोक्यावर फाटकी खोकी. जुनी जुनी कॅलेंडरं. मला का हात आहेत? अण्णा उठले, की मी जागा देईन."

रंगूअण्णा बसले होते स्टुलावर. गालाला हात लावून. लग्नाचे कपडे शिवून झाले. शाळेचे कपडे शिवून झाले. आता गिऱ्हाईक येईना. मशीन गप्प. 

टुण टुण टुण, टुवी गेली अण्णांकडे.
"अण्णा, अण्णा, उठा ना!
फळी जागा देईना,
डबा रिता होईना,
पोतं मोकळं होईना,
ढीग हलेना,
माझा कापूस मिळेना!"
अण्णा म्हणाले, "अगं पाखरा, रोज म्हणतो, आज आवरू. पण एवढा पसारा! बघितलं की पुन्हा खाली बसतो. एकट्यानं सुरू करू कुठून? बायको मदतीला आली, तर मी उठेन."
"मग हाक मारा की!"
"तिला घरात कामं असतील गं," अण्णा हळूच म्हणाले. आणि पुन्हा गालाला हात.
टुवीला अण्णांची फार दया आली.

दुकानामागे अण्णांचं घर. घराच्या उंबऱ्यात गोदाक्का. अण्णांची बायको. कामं झाली होती. एकटीच बसली होती.

टुण टुण टुण, टुवी गेली अक्काकडे.
"अक्का, अक्का, या ना!
अण्णा उठेनात,
फळी जागा देईना,
डबा रिता होईना,
पोतं मोकळं होईना,
ढीग हलेना,
माझा कापूस मिळेना!"

गोदाक्का म्हणाली का, "नाही येत"? छे!
गोदाक्का म्हणाली, "अगं बाई! मी तर कधीची वाट बघतेय. यांनी हाकच मारली नाही. मला वाटलं, मी दुकानात गेलेलं यांना आवडायचं नाही. चल, चल!"
अक्कानं पदर खोचला. हातात झाडू घेतला. तरातरा आली दुकानात.
"अहो, उठा बरं! तुम्ही खाली द्या, मी धरते."
अण्णा बघतच राहिले. "तू आलीस?"
"आले की!"
अण्णा हसले. किती दिवसांनी हसले!

अक्का आली, अण्णा उठले.
अण्णा उठले, खोकी उतरली. धप! धप! धप!
"हे कॅलेंडर ठेवू?" अण्णांनी विचारलं.
"अहो, ते वर्ष कधीच गेलं!" अक्का म्हणाली. कॅलेंडर गेलं रद्दीत.
फळीनं जागा दिली. गुंड्यांच्या पुड्या फळीवर गेल्या.
डबा रिता झाला. रिळं डब्यात गेली. गडगड गडगड!
पोतं मोकळं झालं. चिंध्या पोत्यात गेल्या. खस खस खस!
ढीग हलला. हलला, हलला, संपला!

आणि खाली काय?
कापूस! चपटा झालेला. धुळीनं माखलेला.
अक्कानं तो हलकेच उचलला. फू फू फुंकर घातली. अण्णांनी चिमटीनं पिंजला. पुन्हा मऊ मऊ. पुन्हा पांढरा पांढरा.
"घे गं बाळा. तुझा आहे."

भुर्रर्र! टुवी घरट्यात गेली. कापूस पसरला. वर बसली. जरा इकडे सरली. जरा तिकडे सरली. हं, आता कसं मऊ लागतंय!
टुवीनं अंडी घातली. इवली इवली. पंख पसरून त्यांना ऊब दिली.

टुवीची गोष्ट शिवून झाली,
गाठ मारली, दोरा तोडला.
कट्!