सगळ्यांनी आमेन म्हटलेली प्रार्थना

"प्रार्थना करणं हे कधीपासून पाप झालं, बाबा?"

हनोखबाबा बाज विणत होते. त्यांनी मान वर केली नाही. सुतळीचा पेड ओढला, बोटानं चाचपून गाठ मारली, दुसरा पेड घेतला.

"पाप कोण म्हणालं?"

"म्हणालं कोणीच नाही. पण ताट परत आलं."

प्रवरेच्या काठच्या त्या वाडीत तीस वर्षं एक रीत चालत आली होती. महिन्याच्या पहिल्या रविवारी चर्चमध्ये प्रभुभोजन, आणि त्याची भाकरी सालोमीबाईच्या चुलीवरची. विकतचा पाव त्या वेदीवर कधी आला नाही. शनिवारी सकाळी चर्चमधलं पितळी ताट आणि पांढरं फडकं तिच्या घरी जायचं, आणि रविवारी घंटेच्या आधी भाकरी झाकून माघारी यायचं. नवरा वारला त्या महिन्यातसुद्धा तिची भाकरी चुकली नव्हती.

या खेपेला ताट गेलं तसंच शनिवारीच परत आलं. रिकामं. फडक्याची घडीही मोडलेली नव्हती.

सिलासनं ते वेदीवर ठेवलं आणि तो तडक चर्चच्या मागच्या खोलीकडं आला. तिथं हनोखबाबा राहायचे.

सिलास वाडीचा नवा पाळक. तिशीच्या आतला. शहरात चार वर्षं शिकून आला होता. प्रार्थनेला उभा राहिला की वीस वीस मिनिटं खंड म्हणून नाही. मोटेचं पाणी पाटाला लागावं तशी शास्त्रातली वचनं यायची. बाया पदर डोळ्यांना लावायच्या. आजूबाजूच्या चार गावांतून बोलावणी यायची. प्रार्थना करावी तर सिलासरावांनी, असं लोक म्हणायचे, आणि त्याला ऐकू जाईल इतक्या मोठ्यानं म्हणायचे.

हनोखबाबा त्याच्या आधीचे पाळक. आता नजर मंदावलेली, म्हणून काम सोडलेलं. त्यांची प्रार्थना दोन ओळींची असायची. प्रभू, आम्ही आलोय, तू हायेसच. झालं. सिलासला म्हाताऱ्याची मनातून कीव यायची. हौसेनं शिकायला त्यांच्याकडं यायचा खरा, पण काय शिकायचं ते त्याला कधी कळलं नव्हतं.

"बुधवारी काय झालं ते सांग," बाबा म्हणाले.

"तुम्ही होतात की सभेला."

"मी व्हतो. तू सांग."

सिलासनं सांगितलं. मंगळवारी सालोमीबाई त्याच्या घरी आली. आत येऊन दार लोटून घेतलं. तिचा एकुलता मुलगा आमोस पुण्यात कामाला होता. चोरीच्या संशयावरून पोलिसांनी त्याला धरलं होतं. कुणाला सांगितलं न्हाई, म्हणाली, तुम्ही प्रार्थना करा.

"आणि मी केली, बाबा. बुधवारच्या सभेत केली. मनापासून केली. माझ्या डोळ्यांत पाणी होतं."

"प्रभूला काय म्हणालास?"

"म्हणालो... हे दयाळू बापा, तुझी दासी सालोमी, तिचा मुलगा आमोस आज पुण्याच्या कोठडीत आहे..."

"आणखी?"

"त्याच्यावर चोरीचा आळ आहे... जामिनाला माणूस नाही..."

"कोणती चौकी ते पण सांगितलंस."

सिलासनं खाली पडलेला सुतळीचा तुकडा उचलला.

"सांगितलंस. मी ऐकलं. देवाला पुण्यात चौकी सापडंना म्हणून पत्ता दिलास काय रं?"

"थट्टा करू नका, बाबा."

"थट्टा न्हाई. इचारतोय."

गुरुवारी सकाळी नळावर दुसरा विषय नव्हता. शुक्रवारी दुपारी निरोप आला. सालोमीची मुलगी रूथ, तिचा साखरपुडा पुढच्या पंधरवड्यात ठरला होता. मुलाकडच्यांनी कळवलं, तूर्त राहू द्या. तूर्त म्हणजे काय ते सगळ्यांना कळतं.

"पण मी बातमी दिली नव्हती," सिलास म्हणाला. त्याचा आवाज चढला होता. "चहाडी केली नव्हती. प्रार्थना केली होती. देवासमोर केली होती. आणि सगळ्या मंडळीनं आमेन म्हटलं."

"सगळ्यांनी?"

"सगळ्यांनी."

बाबांचे हात तेव्हा पहिल्यांदा थांबले.

"मी पण म्हटलं," ते म्हणाले. "मागच्या बाकावरून. चांगलं मोठ्यानं म्हटलं."

...

सुतळी तशीच टाकून ते उठले. कोपऱ्यातली काठी घेतली. पायांत वहाणा घातल्या नाहीत.

"चल."

वाट ओढा ओलांडून बाभळींमधून जात होती. सिलास त्यांचा हात धरून चालत होता आणि चालता चालता त्याला एक मार्ग सुचला. सुचला तसा तो बोलला.

"बाबा, मी उद्या सगळ्या मंडळीसमोर तिची क्षमा मागतो. प्रभुभोजनाच्या आधी. वेदीपाशी गुडघे टेकतो आणि..."

"पुन्हा तिचंच नाव," बाबा म्हणाले. "पुन्हा तुझाच आवाज."

वाट सालोमीबाईच्या अंगणात उतरली.

सालोमीबाई ओसरीवर सूप मांडीवर घेऊन ज्वारी निवडत बसली होती. आतलं दार अर्धं लोटलेलं. रूथ आत होती, पण बाहेर आली नाही.

"सलाम, सालोमी."

"सलाम, बाबा." मग तिनं सिलासकडं पाहिलं. "काय पाळकसाहेब, देवाला सांगायचं काय राहिलं का?"

मंगळवारपर्यंत ती त्याला भाऊ म्हणायची.

"मावशी, मी... माझ्या मनात तसं..."

"बुधवारी मी डोळे उघडले व्हते," ती म्हणाली. बोटं खडे वेचतच होती. "तुमचं चाललं व्हतं तेव्हा. आमोसचं नाव आलं आणि माझे डोळे आपसूक उघडले. बघते तर निम्म्या बायांचे उघडे. समद्या माझ्याकडं बघत व्हत्या. तुमचे तेवढे मिटलेले."

"मावशी, मी उद्या सगळ्यांसमोर..."

"समोर नको. समोर तुम्ही लई बोलता."

दारातली कोंबडी सांडलेले दाणे टिपत होती.

"सालोमी," बाबा म्हणाले, "त्या दिवशी मी आमेन म्हटलं."

"ऐकलं मी. तुमचा आवाज वळखते."

"चुकलो."

तिनं बाजूचं पोतं पुढं सारलं. बाबा त्यावर टेकले. पसाभर ज्वारी ओंजळीत घेऊन डोळ्यांजवळ नेली आणि निवडू लागले.

थोड्या वेळानं सालोमी म्हणाली, "बाबा, तुम्ही दाणे टाकताय आणि खडे ठेवताय."

"मग ह्याला दे. ह्याचे डोळे चांगले हाईत. वापरायची सवय न्हाई."

तिनं सूप सिलाससमोर ठेवलं, फटकन नाही आणि प्रेमानंही नाही. स्वतःसाठी घरातून परात आणली.

सिलासनं जन्मात धान्य निवडलं नव्हतं. पहिल्या हिसक्यालाच चार मुठी ज्वारी ओसरीवर सांडली. ती वेचायला त्याला ओणवं व्हावं लागलं. कोंबडीला हाकलावं लागलं. पाळकाचा पांढरा सदरा कोपरापर्यंत धुळीनं भरला.

मनातल्या मनात त्यानं प्रार्थना सुरू केली. हे दयाळू बापा... शब्द लगेच आले. सगळे आले, रांगेनं, इस्त्री केलेले. त्याला ते पहिल्यांदाच ऐकू आले, दुसऱ्या कुणाचे असावेत तसे. त्यानं ते तिथंच सोडले आणि एक खडा उचलला. मग दुसरा.

आतून श्वासाचा आवाज येत होता. रडून रडून झाल्यावर माणूस जसा श्वास घेतो तसा. रूथ. बुधवारच्या वीस मिनिटांत त्यानं अब्राहामापासून सगळ्यांची नावं घेतली होती. या मुलीचं पुढं काय होईल, हे त्याच्या एकदाही मनात आलं नव्हतं.

ऊन ओसरीच्या पायरीवर चढलं.

तेवढ्यात शेजारच्या एस्तेरबाई नळावरून हंडा घेऊन आल्या आणि पाळकाला पाहून थबकल्या.

"अगं बाई, पाळकसाहेब इथं? आणि हे काय करायला लावलंय तुम्हाला?" मग आवाज खाली आणला. "आमोसचं काही कळलं का हो? सांगा की. म्हणजे आम्हालाही त्याच्यासाठी प्रार्थना करता येईल."

परातीतली सालोमीची बोटं थांबली.

सिलासला कळलेलं होतं. सकाळीच त्यानं पुण्याला ओळखीच्या वकिलाला फोन केला होता. सोमवारी काय होणार, कुठं होणार, सगळं त्याला ठाऊक होतं. आणि एस्तेरबाईंचा चेहरा असा कळवळलेला होता की सांगितलं असतं तर पुण्यच वाटलं असतं. शब्द अगदी ओठांपर्यंत आला.

त्यानं सुपात पाहिलं.

"यंदाच्या ज्वारीत खडे फार आहेत," तो म्हणाला.

"ते ठीक हो, पण आमोस..."

"बारीक आहेत. दिसत नाहीत पटकन."

एस्तेरबाई आणखी जरा वेळ उभ्या राहिल्या. डोक्यावरचा हंडा जड झाला, तेव्हा गेल्या.

...

सालोमीबाई कितीतरी वेळ परातीकडं बघत राहिली. मग सरकून सिलासजवळ आली आणि त्याच्या कानाशी वाकून हलक्या आवाजात काही बोलू लागली.

हनोखबाबांचे डोळे अधू होते, कान नव्हते. ते काठी टेकत उठले, ओसरी उतरले आणि पार कुंपणाच्या बाभळीपाशी जाऊन पाठमोरे उभे राहिले.

ती काय बोलली ते सांगायचं नाही. सालोमीला ठाऊक, सिलासला ठाऊक, तिसरा वर आहे त्याला ठाऊक. एवढं खरं, की मंगळवारी दार लोटून तिनं जे सांगितलं होतं, ते याच्यापुढं काहीच नव्हतं.

सिलासचे ओठ उघडले आणि मिटले. अशा वेळी द्यायचं एक वचन त्याला पाठ होतं. खरं तर पाच होती. एकही आलं नाही. त्यानं नुसती मान हलवली. मग त्याचं डोकं खालीच राहिलं, आणि सुपातल्या ज्वारीवर टप टप पाणी पडलं. ते पुसायचंही त्याला सुचलं नाही.

सालोमीनं त्याच्याकडं पाहिलं. पदरानं आपलं तोंड पुसलं.

"सूप इकडं करा," ती म्हणाली. "दाणे भिजवाल."

त्यानं सूप दिलं.

"ताट कुठाय?"

"चर्चमध्ये. वेदीवर."

"द्या धाडून. दुपारून हीच ज्वारी दळून आणते."

सिलास उठला. पायरीवर थांबला. "मावशी, उद्या तुम्ही... याल ना?"

"भाकरी येईल," सालोमी म्हणाली. "माझं सकाळी बघते."

आतलं दार हललं. रूथ उंबऱ्याशी आली, कुणाकडं न बघता पाण्याचा तांब्या ओसरीवर ठेवून पुन्हा आत गेली. सिलास घोटभर पाणी प्यायला.

परतताना तोच मागं राहत होता आणि बाबा पुढं चालत होते. बाभळी संपल्या. ओढ्याशी आल्यावर तो थांबला.

"बाबा."

"हां."

"उद्याची प्रार्थना तुम्ही करा."

"का रं?"

"मला जमायचं नाही. आत्ता वाटेत करून पाहिली. तोंड उघडलं की ते... त्या बाईचं सगळं घशात येऊन बसतं. वचन आठवत नाही. सुरुवात कुठून करायची तेही आठवत नाही. उद्या तिथं उभा राहीन आणि नुसता उभाच राहीन. मंडळी काय म्हणेल?"

बाबांनी अनवाणी पाय ओढ्याच्या पाण्यात घातला. काठीनं पुढचा दगड चाचपला. त्यावर पाय ठेवला. मग दुसऱ्या दगडावर. पलीकडं गेल्यावर वळले.

"खरंच एक शब्द सुचत न्हाई?"

"नाही, बाबा."

"मग तूच कर."