मागे लोटलेले दगड

खूप जुन्या काळची गोष्ट आहे. डोंगरांच्या मधोमध एक मोठा तलाव होता आणि त्याच्या पलीकडच्या काठावर वर्षातून एकदा बाजार भरत असे. अलीकडच्या गावातला एक पाथरवट आपले पाटे, वरवंटे आणि खलबत्ते घेऊन बायकोसह त्या बाजाराला निघाला. वर्षभराची मेहनत नावेत रचलेली होती. नाव वल्हवायला एक म्हातारा नावाडी होता.

पलीकडचा काठ जवळ आला, तेवढ्यात पाणी ढवळलं. एका मगरीने वल्ह्यावर झडप घातली. वल्हं कडकन मोडलं आणि तिच्या शेपटीच्या तडाख्याने नावेची फळी तडकली. पाणी आत येऊ लागलं.

वारा पडला होता. नाव हळूहळू थांबली. काठावरचं लव्हाळं समोर दिसत होतं, पण हात पोचत नव्हता. हातांनी वल्हवायचीही सोय नव्हती, कारण आता आणखीही मगरी वर येऊन नावेभोवती संथपणे फिरत होत्या.

"भार कमी करा," नावाडी म्हणाला, "नाहीतर बुडालो."

पाथरवटाने एकेक पाटा उचलला आणि कडेवरून हळूच पाण्यात सोडला. दरवेळी त्याचा जीव तुटत होता. नाव थोडी वर आली, पण पुढे तसूभरही सरकली नाही. पाणी येतच राहिलं.

बायको ओंजळीने पाणी उपसत होती. ती एकदम थांबली. "अहो, नावेतून काठावर उडी मारली की नाव मागे जाते ना? मग दगड मागे लोटले, तर नाव पुढे जाईल. नुसते सोडू नका. फेका."

त्याने एक वरवंटा मागे टाकला, पण मन होईना, हात आखडला. नाव जेमतेम हलली.

"पाय रोवा," नावाडी म्हणाला. "सगळा जोर लावा."

मग त्याने ओठ घट्ट मिटले आणि दगड भिरकावायला सुरुवात केली. दगड मागे जाई, नाव पुढे सरके. पाणी आता घोट्याच्या वर आलं होतं. शेवटी एकच पाटा उरला. त्याच्या कडेला वेल कोरलेली होती. तो त्याने लेकीच्या संसारासाठी घडवला होता.

"हा राहू दे," तो म्हणाला.

"तिला मी सांगेन," बायको म्हणाली. "फेका."

त्याने डोळे मिटून पाटा मागे लोटला. नाव पुढे सरकली, नावाड्याच्या मुठीत लव्हाळं आलं आणि तिघं काठावर चढली. त्यांच्या मागे नाव बुडाली.

 मग पाथरवट हलक्या आवाजात म्हणाला, "पहिले दगडही असेच फेकले असते, तर लेकीचा पाटा वाचला असता."

म्हणून बाळांनो, आणि मोठ्यांनो तुम्हीसुद्धा, एवढं ध्यानात ठेवा: जे सोडावंच लागणार आहे ते सगळा जोर लावून सोडावं, अर्ध्या मनाने सोडलेलं हातचंही जातं आणि आपल्याला पुढेही नेत नाही.