जवस कुणाच्या अंगी लागलं?

घोड्या शेळ्यांशी गप्पा मारत, त्या काळची गोष्ट. केशर नावाची सोनेरी घोडी होती. रंग उतरेल म्हणून मालक हैबती तिला उन्हात सोडेना. तो रोज तिला खरारा करी, पुढ्यात जवस ठेवी. तरी रंग फिकाच पडत चालला. कोंडलेल्या केशरला घास गोड लागत नव्हता. हैबतीची पाठ वळली की जवस तबेल्यातली शेळीच फस्त करायची.

एके सकाळी दावं तुटलं आणि केशर उधळली! धुळीत लोळली, ओढ्यात डुंबली, वाऱ्याशी शर्यत लावून खिंकाळत परतली. ओल्या अंगावर ऊन पडलं, तसे हैबतीचे डोळेच दिपले.

"लागलं गं बाई जवस अंगी!" तो नाचायलाच लागला. "उद्यापासून दुप्पट!"

शेळीने ओठ चाटले आणि हळूच विचारलं, "केशरताई, उद्याही दावं मीच कुरतडू ना?"