पेटीत नसलेला शब्द

फार पूर्वी, एका राज्यात लिहिता येणारी माणसं थोडी होती, पण निरोप सगळ्यांनाच धाडावे लागत. तिथे भिवरा नावाची एक कारागीर बाई राहायची. ती लाकडावर शब्दांचे ठसे कोरायची. ठशावर आणि त्याच्या मुठीवर त्या शब्दाचं चित्र असे. ठसा शाईत बुडवून कापडावर उमटवला की झाला निरोप.

भिवराच्या ठशांची पेटी घरोघरी होती. पण सगळ्यांची पेटी सारखी नव्हती. ती कोळ्यांत जाऊन बसे, धनगरांच्या वाड्यावर राही, त्यांचं बोलणं ऐके आणि त्यांचेच शब्द कोरी.

राजधानीत एका बड्या शेठजींची पेढी होती. राज्यातला सगळा माल त्यांच्याच तांड्यांतून जाई. निरोपही आपल्याच हातून जावेत, असं त्यांना वाटलं. त्यांनी भिवराचा कारखाना चांगली किंमत देऊन विकत घेतला. यापुढे तिने ठसे कोरायचे नाहीत, असं ठरलं. तिची एकच अट होती, एकही शब्द कमी करायचा नाही. शेठजींनी मान डोलावली.

काही वर्षं शब्द पाळला गेला. मग मुनीमजी म्हणू लागले की धनगरांची पेटी फारशी खपत नाही, वेगळे ठसे कोरणं परवडत नाही. शेठजींना ते पटलं. जे शब्द सर्वांना लागतात, तेवढ्यांचीच एक पेटी निघाली. जुने ठसे झिजले, तशी तीच पेटी सगळीकडे गेली.

धनगर तक्रार घेऊन भिवराकडे आले. ती शेठजींकडे गेली. लोक नव्या शब्दांना सरावतील, असं सांगून त्यांनी तिला परत पाठवलं. ती घरी आली. ठसे न कोरण्याचं वचन तिने दिलेलं होतं.

एका वर्षी पूर ओसरल्यावर शेठजींचा तांडा नदी उतरायला निघाला. वरच्या अंगाला बिरू धनगर मेंढ्या चारत होता. जिथून नदी ओलांडायची, तिथली वाळू वरून कोरडी दिसत होती, पण आत पाय गिळत होती. धनगर तिला रुपण म्हणत, आणि तांडेवाल्यांनाही तो शब्द ठाऊक होता. बिरूने पेटी उघडली. रुपण नव्हतं. शोधून शोधून त्याने ठसे उमटवले, ‘पाणी कमी. वाळू वाईट.’ आणि मेंढ्या सोडता येईनात म्हणून कुत्र्याच्या गळ्यात बांधून निरोप तांड्याकडे धाडला.

तांड्याच्या नाईकाने तो वाचला. बैल जरा सावकाश चालतील, एवढाच अर्थ त्याने घेतला आणि नदीत गाड्या घातल्या. निम्म्या गाड्या बैलांसकट रुतल्या. एक गाडीवान वाळूत गेला, तो हाती लागलाच नाही.

शेठजींनी बिरूला बोलावून घेतलं. धोका ठाऊक होता, तर नीट का कळवलं नाही, असं संतापून विचारलं.

बिरू म्हणाला, “शेठजी, मला जे सांगायचं होतं, ते तुमच्या पेटीत नव्हतं.”

गाडीवानाच्या घरी शेठजी स्वतः गेले. मग भिवराकडे जाऊन त्यांनी तिला वचनातून मोकळं केलं आणि जुने ठसे पुन्हा कोरायला सांगितले.

“कोरीन,” ती म्हणाली, “पण मला आधी विचारत फिरावं लागेल. ते शब्द बोलणारी कितीतरी माणसं आता राहिली नाहीत.”

ती वाड्या-वस्त्या हिंडली. रुपण परत आलं, आणखीही पुष्कळ शब्द आले. काही मात्र कुणालाच आठवले नाहीत.

तात्पर्य: लोकांचे शब्द ज्याच्या हाती येतात, त्याने क्वचित लागणारा शब्दही जपावा; जिवावर बेतल्यावर नेमका तोच लागतो.