आमराईतला मुका पाहुणा

मुलांनो, एका जंगलाच्या काठावर चिंचेची उंच झाडे होती आणि त्यांवर डोमकावळ्यांची वस्ती नांदत होती. दोन वर्षांपासून त्या वस्तीला कुणाची तरी दृष्ट लागली होती. कावळीण जिवापाड जपून पिल्लू वाढवी आणि पंख फुटले की ते परक्याच आवाजात ओरडत उडून जाई. तिची स्वतःची अंडी मात्र झाडाखाली फुटलेली सापडत. ओढ्यापलीकडच्या आमराईतल्या एका ठिपकेदार कोकिळेवर सगळ्यांचा संशय होता. पण तिला घरट्यात शिरताना कुणी पाहिले नव्हते. शेवटी वस्तीच्या म्हाताऱ्या प्रमुखाने एका तरुण कावळ्याला बोलावले. तो अंगाने लहानखुरा आणि काळाकुळकुळीत होता.

"नर कोकीळही असाच काळा असतो," प्रमुख म्हणाला. "तू त्यांच्यात जाऊन राहा. ती कुणाच्या घरट्यात अंडे घालते, एवढे शोधून काढ."

"पण माझा आवाज? तो तर लगेच ओळखू येईल."

"आवाज काढूच नकोस. पिसे फुगवून, डोळे मिटल्यासारखे करून बस. आजारी समजतील. आणि गेल्या वर्षी तुझ्या ताईचे एकही अंडे वाचले नव्हते, हे विसरू नकोस."

ते तो कसे विसरणार? आई गेल्यावर ताईनेच त्याला घास भरवून वाढवले होते.

आमराईत त्या मुक्या पाहुण्याची कुणी फारशी दखल घेतली नाही. घेतली ती फक्त त्या ठिपकेदार कोकिळेने. पिकलेली उंबरे तोडून ती त्याच्यापुढे ठेवी आणि शेजारी बसून बोलत राही. तो मान हलवी, तेवढ्यावरच तिचे भागे. "आमच्यात कुणालाच घरटे बांधता येत नाही," एकदा ती म्हणाली. "मी काड्या रचून पाहिल्या होत्या. पहिल्याच वाऱ्यात सगळे खाली. अंडेही गेले." त्या दिवशी तो तिच्या पंखाला पंख लावून बसला आणि ऊन उतरले तरी त्याला उठवेना. ओढ्यावर वाट पाहणाऱ्या प्रमुखाला तो रोज सांगे, "अजून काही कळले नाही." आधी ते खरेच होते. पुढे जाणून घ्यायचीच त्याला भीती वाटू लागली.

मग एका सकाळी ती आनंदाने थरथरत आली. "या वर्षी माझे बाळ वाचणार! ती वाकलेली चिंच आहे ना, तिच्यावरच्या घरट्यात ठेवून आले. तिथले एक अंडे ढकलावे लागले, पण काय करू? जागाच नव्हती." तरुण कावळ्याने ती चिंच लगेच ओळखली. ते घरटे ताईचे होते. संध्याकाळी प्रमुखासमोर त्याला एकीकडे ताईचा चेहरा दिसत होता, दुसरीकडे कोकिळेचा. "तिने आपल्या वस्तीत अंडे घातले आहे," तो म्हणाला. "कुठे, ते मात्र समजले नाही." सगळ्या कावळिणी सावध होतील आणि कोकिळेचे ते एक अंडेही वाचेल, अशी त्याने मनाची समजूत घातली.

पण घडले भलतेच. परके अंडे कोणते ते कुणालाच ओळखता येईना आणि संशयाने सगळ्यांची डोकी फिरली. जे जे अंडे जरा लहान, जरा फिके वाटले, ते ते फोडले गेले. दुपारपर्यंत चिंचांखाली टरफलांचा सडा पडला. ताईनेही आपले घरटे आपल्याच चोचीने रिकामे केले. मग प्रमुख ओरडला, "चला, आता आमराईत!"

तरुण कावळा जीव खाऊन सगळ्यांच्या पुढे उडाला. कोकिळा पाठमोरी बसली होती. "पळ!" तो ओरडला. एवढ्या दिवसांत तिने त्याचा आवाज ऐकलाच नव्हता. तिला ऐकू आला तो पाठीमागून झडप घालणारा एक डोमकावळा. मागे वळूनही न पाहता ती घाबरून आंब्याला वळसा घालत सुटली ती थेट ओढ्याच्या दिशेने, समोरून येणाऱ्या थव्यात. तिला संपवायला त्यांना फार वेळ लागला नाही.

"शाबास!" प्रमुख म्हणाला. "तू हाकललीस म्हणून ती सापडली." सगळ्या वस्तीने त्याचे कौतुक केले. ताई तेवढी रिकाम्या घरट्यात बसून होती. तो जवळ जाताच तिने विचारले, "खरे सांग. तिचे अंडे कोणत्या घरट्यात आहे, हे तुला ठाऊक होते ना?"

त्याने मान खाली घातली. ताई उठली आणि दुसऱ्या झाडावर जाऊन बसली.

तात्पर्य : कर्तव्य आणि प्रेम यांतून एकाची निवड करायचे टाळून जो अर्धेच सत्य सांगतो, तो दोन्ही गमावतो, आणि त्याची शिक्षा निरपराधांनाही भोगावी लागते.